हृदयाची जखम भरते का? माशानं दिलेलं उत्तर

 

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बचत गटांचं काम करताना आमच्यासमोर कर्जाचे नाना तऱ्हेचे अर्ज येतात. कुणाला शेळी घ्यायची असते, कुणाला शिलाई मशीन, कुणाच्या मुलीची कॉलेजची फी भरायची असते. गेल्या वर्षी भातलावणी आटोपल्यावरच्या बैठकीत एका ताईंनी वीस हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मालकांचं औषध’.

त्यांच्या मालकांना आठ महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला होता. रात्री छातीत जळजळ सुरू झाली, घाम सुटला. घरच्यांना वाटलं, पित्त झालंय. सोडा दिला, ओवा दिला, छातीला तेल चोळलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. माणूस वाचला, पण आता घागरभर पाणी आणतानाही त्यांना धाप लागते. डॉक्टर म्हणाले होते, ‘हृदयाचा एक भाग मेला आहे, तो परत येणार नाही. उरलेला सांभाळायचा. गोळ्या सोडू नका.’

मग आठवडी बाजारात त्यांना एक औषधवाला भेटला. तीन महिन्यांचा कोर्स घ्या, मेलेलं मांस पुन्हा उगवेल, आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद करा, असं त्यानं सांगितलं. वर मोबाईलवर एका माशाचं चित्र दाखवलं. ‘बघा, या माशाचं हृदय कापलं तरी पुन्हा येतं. हे शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय.’ ताईंच्या मालकांनी गोळ्या थांबवल्यासुद्धा होत्या.

ताईंनी आम्हाला विचारलं, ‘माशाचं उगवतं, तर माणसाचं का नाही उगवणार?’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. गोळ्या आजच पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरांना भेटा, एवढं सांगून आम्ही अर्जाचा निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला. मधल्या दिवसांत तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमकडे जाऊन बसलो. त्यांनी जे समजावलं आणि वाचायला दिलं, ते आज तुमच्यापुढे ठेवत आहोत. औषधवाल्यानं दाखवलेलं माशाचं चित्र खोटं नव्हतं. त्या चित्रावरून त्यानं काढलेला अर्थ खोटा होता. हा फरक कळायला शास्त्रज्ञांनाही पन्नास वर्षं लागली आहेत.

पाल, खेकडा आणि हायड्रा

तुटलेला अवयव पुन्हा येतो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पाल शेपटी टाकून पळते, काही दिवसांनी तिला नवी शेपटी फुटते. पावसाळ्यात बांधावर खेकडे पकडताना एखाद्याची नांगी तुटते. तो वाचला तर पुढे कात टाकताना त्याला नवी नांगी येते. मॅडमनी एक गोष्ट मात्र सांगितली. पालीची नवी शेपटी पहिल्यासारखी नसते. तिच्यात मणक्यांऐवजी मऊ हाडाची नळी असते. म्हणजे ‘पुन्हा आलं’ म्हटलं तरी किती आलं आणि कसं आलं, हे पाहावं लागतं.

शास्त्रज्ञांनी याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला त्याला पावणेतीनशे वर्षं होऊन गेली. १७४० च्या दशकात अब्राहम ट्रेम्ब्ले या स्विस अभ्यासकानं हायड्रा नावाच्या पाण्यातल्या इवल्याशा जिवाचे तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यातून नवा हायड्रा तयार झाला. १७६८ मध्ये इटलीच्या स्पालांझानी यांनी सॅलमँडरचे कापलेले पाय पुन्हा येतात असं दाखवलं. सॅलमँडर दिसायला पालीसारखा, पण जात बेडकाची.

आपल्या पुण्यातही या विषयाचं काम जुनं आहे. डॉ. लीला मुल्हेरकर यांनी १९५० च्या दशकात एडिंबरोला वॅडिंग्टन या नामवंत शास्त्रज्ञाबरोबर काम केलं आणि पुणे विद्यापीठात कोंबडीच्या अंड्यातला गर्भ कसा घडत जातो, या अभ्यासाची परंपरा उभी केली. आपल्यापैकी ज्यांनी खुडूक कोंबडीखालचं अंडं दिव्यासमोर धरून पाहिलं आहे, त्यांना आतला तो धडधडणारा लाल ठिपका माहीत असेल. त्या काळात मराठी मुलखातली एक बाई तो ठिपका कसा घडतो याच्या अभ्यासाला लागली होती, हे आम्हाला प्रथमच कळलं. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी हायड्रावर काम केलं. तुटलेला हायड्रा पुन्हा कसा जुळून येतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

पण शेपटी आणि पाय वेगळे, हृदय वेगळं. पाय येईपर्यंत प्राणी एका जागी बसून राहू शकतो. हृदयाला एक क्षणही सुटी नाही. ते चालू ठेवूनच दुरुस्त करायचं.

हृदय मरतं म्हणजे काय होतं?

आपलं हृदय आपल्या मुठीएवढं. ते सगळं स्नायूचं, म्हणजे मांसाचं. साऱ्या अंगाला रक्त पोचवणाऱ्या या मांसालाही रक्त लागतं. ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून येतं. भातखाचरांना पाटाचं पाणी येतं तसंच हे. मध्येच पाट बुजला की पलीकडचं खाचर सुकायला लागतं. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेलं मांस काही मिनिटांत तडफडू लागतं आणि अर्ध्या तासाच्या आत-बाहेर मरायला सुरुवात होते. हृदयाच्या मुख्य कप्प्यात दोनशे ते चारशे कोटी स्नायूपेशी असतात. मोठ्या झटक्यात काही तासांत त्यांतला पाव भाग मरू शकतो.

मेलेल्या जागी शरीर वण तयार करतं. हाताला कोयता लागल्यावर वण राहतो, तसाच. वण जखम धरून ठेवतो, हृदय फुटू देत नाही, म्हणून तो आपला शत्रू नव्हे. पण वण आकुंचन पावत नाही, रक्त ढकलत नाही. उरलेल्या मांसावर जादा भार येतो आणि माणसाला धाप लागते.

आता प्रश्न असा की, वणाच्या जागी पुन्हा मांस का येत नाही? कुठल्या प्राण्यात येतं का?

न्यूट आणि त्यानंतर मासा

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन आणि जीन ओबरप्रिलर यांनी न्यूट या सॅलमँडरच्या जातीतल्या प्राण्याच्या हृदयाचं टोक कापून पाहिलं. जखमेजवळच्या स्नायूपेशी पुन्हा दुभंगू लागल्या, एकीच्या दोन होऊ लागल्या. हे फार मोठं होतं, कारण त्या काळी पाठ्यपुस्तकांत असंच शिकवत की, पूर्ण वाढलेली हृदयाची पेशी कधीच दुभंगत नाही.

पण न्यूट सावकाश वाढतो, त्याची पैदास करणं कटकटीचं. शास्त्रज्ञांना हवा होता असा प्राणी, जो लहान आहे, भराभर वाढतो, पुष्कळ अंडी देतो आणि ज्याच्या आत काय चाललंय ते दिसतं. असा प्राणी मिळाला आपल्याच देशातला.

स्कॉटलंडचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालकडे होते. त्यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर १८२२ मध्ये पुस्तक छापलं. त्यात बोटाच्या पेराएवढ्या, अंगावर निळसर पट्टे असलेल्या एका माशाची नोंद आहे. त्याचं आजचं शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. पट्ट्यांमुळे लोक त्याला झेब्रा मासा म्हणतात. पहिल्या पावसात वळगणीचे मासे धरायला आपण काळू, शाई, भातसेच्या ओहोळांत उतरतो, तेव्हा झोळण्यात असली बारीक चिल्लीपिल्ली येतात आणि आपण ती परत पाण्यात सोडतो. तेवढाच हा जीव. पुढे तो काचेच्या पेटीतला शोभेचा मासा झाला. मग अमेरिकेतल्या ऑरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं. १९८१ मध्ये त्यांचा त्यावरचा मोठा निबंध आला आणि जगभर या माशावर काम सुरू झालं.

याची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. अंडं फलित झाल्यावर दिवसभरातच हृदय धडधडू लागतं, ते सूक्ष्मदर्शकातून तसंच दिसतं, काही कापावं लागत नाही. २०१३ मध्ये या माशाची पूर्ण जनुकं वाचून झाली. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचं कोणतं ना कोणतं भावंड या माशात सापडलं.

२००२ मध्ये बोस्टनला केनेथ पॉस, लिंडसे विल्सन आणि मार्क कीटिंग यांनी वाढलेल्या झेब्रा माशाला भूल देऊन त्याच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा सुमारे पाचवा हिस्सा कापला. जागेवर रक्ताची गुठळी धरली, रक्त थांबलं, मासा पुन्हा पोहू लागला. साठ दिवसांत कापलेला भाग मांसानं भरून आला. वण जवळपास उरला नाही. औषधवाल्याच्या मोबाईलवर होता तो हाच मासा.

हे नवं मांस आलं कुठून? २०१० मध्ये स्पेन आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी माशाच्या स्नायूपेशींना आधीच रंगाची खूण करून ठेवली आणि मग जखम केली. नव्या मांसातही तीच खूण निघाली. म्हणजे शेजारच्या जित्या स्नायूपेशींनीच आपलं नेहमीचं काम थोडं बाजूला ठेवलं, दुभंगल्या, आणि मोकळी जागा भरून काढली.

पण माणसाचं हृदय कुणी कापत नाही, ते आतल्या आत मरतं. म्हणून २०११ मध्ये युरोपातल्या तीन गटांनी अतिथंड सळई टेकवून माशाच्या हृदयाचा भाग मारून पाहिला. आता मात्र आधी वण धरला, आपल्यासारखाच. नंतर तो हळूहळू विरघळला आणि त्या जागी मांस आलं. याला कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कुठे चार महिन्यांच्याही वर. म्हणजे वण येणं हा शेवट नाही, निदान माशात तरी नाही.

सगळ्या माशांना जमत नाही

इथे आमच्या गटातल्या एका आजींनी विचारलं, ‘मग बांगडा खाल्ला तर?’ सगळ्या हसल्या, पण प्रश्न रास्त होता. माशाचा गुण खाऊन आपल्यात येत नाही. कोंबडी खाऊन आपल्याला पंख फुटत नाहीत. आणि हा गुण सगळ्या माशांतही नाही.

जपानात भातखाचरांत राहणारा मेडाका नावाचा मासा आहे. तोही लहान, तोही प्रयोगशाळेत वाढतो. पण त्याचं हृदय जखमी केलं तर तिथे वणच राहतो. २०१७ मध्ये या दोन माशांची तुलना झाली. झेब्रा माशात जखम होताच शरीराचे रक्षक, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, झटपट धावून येतात. मेडाकात त्या उशिरा आणि कमी येतात. मेडाकात त्यांना मुद्दाम चेतवलं, तेव्हा त्याची जखम आधीपेक्षा चांगली भरू लागली. मेक्सिकोत एकाच जातीचा मासा नदीतही आहे आणि अंधाऱ्या गुहेतही. नदीतल्याचं हृदय भरून येतं, गुहेतल्याचं येत नाही, असं २०१८ मध्ये दिसलं.

पुण्याच्या आघारकर संस्थेत डॉ. चिन्मय पात्रा यांच्या गटानं हेच कोडं दुसऱ्या बाजूनं धरलं. ही संस्था १९४६ ची. मालवणचे वनस्पतीशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे पहिले संचालक, आणि १९९२ पासून तिला त्यांचं नाव आहे. डॉ. पात्रांच्या गटानं २०२१ मध्ये छापलेल्या कामात असं दाखवलं की, झेब्रा माशाच्या हृदयाला जखम झाली की सीसीएन-टू-ए नावाचं एक प्रथिन तिथे तयार होतं. ज्या माशांत त्याचं जनुक बंद केलं, त्यांच्या हृदयाची भरपाई नीट झाली नाही. जिथे ते प्रथिन जास्त मिळालं, तिथे भरपाईला जोर आला. आश्चर्य असं की, याच कुळातलं प्रथिन आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत वण घट्ट करण्याशी जोडलं गेलं आहे. एकच कामगार एका बांधावर भात लावतो आणि दुसऱ्या बांधावर कुंपण घालतो, तसं काहीसं. असं का, हे शोधणं चालू आहे.

एक दिवसाचं पिल्लू

मासा आपल्यापासून फार दूरचा. त्याच्या हृदयाला दोनच कप्पे, आपल्याला चार. त्याचं रक्त थंड, आपलं गरम. म्हणून पुढची पायरी उंदराची होती.

२०११ मध्ये अमेरिकेत डल्लास इथे एन्झो पोरेलो आणि त्यांच्या साथीदारांनी जन्मून एकच दिवस झालेल्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं. सुमारे १५ टक्के. तीन आठवड्यांत ते भरून आलं. मग हेच सात दिवसांच्या पिल्लांवर केलं, तर नुसता वण. म्हणजे ही ताकद आपल्या जातीच्या प्राण्यांतही असते, पण जन्मानंतर आठवड्याभरात निघून जाते. २०१४ मध्ये याच शहरातल्या अभ्यासकांनी त्याचं एक कारण मांडलं. पोटात असताना पिल्लाला प्राणवायू कमी मिळतो. जन्मल्यावर श्वास सुरू होतो आणि प्राणवायू एकदम वाढतो. त्यानं पेशीतल्या जनुकांना इजा होऊ लागते आणि हृदयाची पेशी दुभंगणं थांबवते. जगण्यासाठी घेतलेल्या पहिल्या श्वासाचीच ही किंमत.

२०१८ मध्ये डुकराच्या पिल्लांवरही पाहिलं, कारण डुकराचं हृदय आपल्या हृदयासारखंच मोठं आणि चार कप्प्यांचं. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत झालेली इजा बरीच भरली, त्यापुढची भरली नाही. ऑस्ट्रियात जन्मतःच मोठा झटका आलेल्या एका बाळाचं हृदय पुढे चांगलं सावरलं, अशी नोंद डॉक्टरांनी २०१६ मध्ये केली आहे.

मग मोठ्या माणसाचं काय? २००९ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी त्याचा हिशेब काढला. १९५० च्या दशकात आणि १९६३ पर्यंत उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, त्यानं हवेत एक विशेष जातीचा कार्बन वाढला. तो पिकांत गेला, अन्नातून माणसात गेला. जी पेशी ज्या साली जन्मली, त्या सालच्या हवेची खूण तिच्या जनुकांत राहिली. नाण्यावर साल असतं, तसं. मृत व्यक्तींच्या हृदयातली ही नाणी वाचून त्यांनी सांगितलं की, पंचविशीत वर्षाला शंभरातली एक स्नायूपेशी नवी होते. पंच्याहत्तरीत अर्धीही नाही. आख्ख्या आयुष्यात निम्म्याहून कमी पेशी बदलतात.

शंभराला एक, तेही वर्षाला. आणि झटका काही तासांत पाव भाग नेतो. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मोठ्यांचीही चूक झाली

ही गोष्ट सांगताना एक काळं पान लपवू नये. २००१ मध्ये अमेरिकेतून बातमी आली की, हाडाच्या मगजातल्या मूळपेशी उंदराच्या जखमी हृदयात सोडल्या तर नवं मांस तयार होतं. जगभर आनंद झाला. माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. २००४ मध्येच दोन स्वतंत्र गटांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि त्यांना ते मांस दिसलं नाही. पण आशा आणि पैसा दोन्ही मोठे होते, काम पुढे चालूच राहिलं. २०१८ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयानं आणि त्याच्या रुग्णालयानं चौकशी करून त्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत असं सांगितलं, कारण त्यांत खोटी किंवा फेरफार केलेली माहिती होती. रुग्णांवर चालू असलेली एक चाचणी तेव्हा थांबवून ठेवावी लागली.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. एवढ्या मोठ्या ठिकाणी असं होतं, तर कुणावर भरवसा ठेवायचा? मॅडम म्हणाल्या, ‘ज्याचं म्हणणं दुसरा कुणी तपासून पाहू शकतो, त्याच्यावर. ती लबाडी शास्त्रज्ञांनीच पकडली, कारण त्यांना प्रयोग पुन्हा करून बघता आला. बाजारातल्या पुडीचं काय तपासणार? वर नाव नाही, आत काय आहे ते माहीत नाही.’ आम्हाला हे लगेच पटलं. गटाचा हिशेबही एकीनं लिहायचा आणि दुसरीनं तपासायचा, असाच नियम आपण पाळतो.

आपल्या देशात कायदाही आहे. १९५४ चा औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा. अमुक औषधानं हृदयविकार बरा होतो अशी जाहिरात करायला त्यात मनाई आहे. मूळपेशींचे उपचारही मान्य चाचणीबाहेर विकू नयेत, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत बजावलं आहे. त्याला अपवाद रक्ताच्या काही आजारांसाठी होणाऱ्या मगज रोपणाचा.

एका वहिनींनी विचारलं, ‘त्या मुक्या माशांचा काय गुन्हा?’ प्रश्न मनाला लागणारा आहे. त्यांना भूल देतात, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली असल्या प्रयोगांवर लक्ष ठेवणारी समिती आहे. तरी त्या जिवांचं देणं आपल्यावर आहे. त्यांच्या नावावर कुणी पुड्या विकाव्यात, यासारखा त्या देण्याचा अपमान नाही.

मग आपल्या हाती काय आहे?

मैत्रिणींनो, माशाच्या गोष्टीतून आम्हाला कळलं ते एवढंच. मेलेलं मांस माणसात परत आणणारं औषध आज कुठेच नाही, पुण्यात नाही आणि अमेरिकेतही नाही. कदाचित उद्या येईल, आणि त्यात त्या पट्टेवाल्या माशाचा वाटा असेल. तोवर आपल्याकडे एकच उपाय आहे. मांस मरू द्यायचं नाही. सुकत चाललेल्या खाचराला वेळेत पाणी मिळालं तर भात उभा राहतो. करपल्यावर कितीही पाणी सोडलं तरी नाही.

छातीत दाब, जळजळ किंवा कळ, ती हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाणं, थंड घाम, अचानक धाप, मळमळ ही लक्षणं दिसली तर पित्त म्हणून सोडा देत बसू नका. बायकांमध्ये छातीत न दुखताही नुसती धाप, उलटी किंवा भयंकर थकवा असू शकतो, आणि आपण बाया तर ‘काम जास्त झालं’ म्हणून अंगावर काढतो. लगेच १०८ ला फोन करा. माणसाला चालवू नका. ईसीजी निघेल अशा जवळच्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या बारा तासांत उपयोगी पडतं, आणि पहिल्या एक-दोन तासांत सगळ्यात जास्त. डोळखांबहून शहापूर, टोकावड्याहून मुरबाड, तिथून पुढे कल्याण किंवा ठाणे, हे अंतर आपल्याला माहीत आहे. म्हणून निघण्यात घालवलेला अर्धा तास आपल्याला परवडत नाही. आणि मशेरीचा डबा, तंबाखूची पुडी, न तपासलेलं बीपी आणि साखर, यांचा हिशेब ज्यानं-त्यानं आपल्या घरात करावा.

पुढच्या बैठकीत आम्ही ही सगळी हकीगत सांगितली. ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘त्या रात्रीच निघालो असतो तर?’ त्यांना कुणी दोष दिला नाही. हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं.

पुडीसाठीचं कर्ज गटानं नाकारलं. त्याच बैठकीत ताईंना तपासणीसाठी आणि डॉक्टरांच्या गोळ्यांसाठी लागेल तेवढं कर्ज मंजूर केलं. मालकांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. धाप अजून आहे, पण ते सकाळी ओटीपासून देवळापर्यंत चालतात.

आणि एक ठराव इतिवृत्तात लिहिला. गटाच्या रकमेतले तीन हजार रुपये कायम रोख बाजूला ठेवायचे. छातीत दुखणारा माणूस कुणाच्याही घरात असो, सभासद असो वा नसो, १०८ ची गाडी यायला उशीर होणार असेल तर बैठकीची वाट न पाहता खजिनदार ताईंनी ते पैसे गाडीसाठी द्यायचे. सही नंतर घेता येते.

तुमच्या गटात असा ठराव झाला आहे का? नसेल, तर येत्या बैठकीत हा विषय घ्या.